पुढच्या वर्षीची अनामत

मार्जरी हिमनदीसमोर जहाजाने वेग अगदी शून्यावर आणला, तेव्हा डेकवर शेकडो माणसे होती. पण कुणीही मोठ्याने बोलत नव्हते. बर्फाची ती भिंत पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच उभी आहे आणि तिची रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास आहे. दुरून ती पांढरी वाटते, जवळ गेल्यावर निळी दिसू लागते. मधूनच एखादा कडा निखळून पाण्यात पडताना दिसे आणि क्षणभराने त्याचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचे. इथले मूळ रहिवासी असलेले ट्लिंगिट लोक या आवाजाला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात. सकाळी एका छोट्या बोटीतून राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढले होते. १७५०च्या सुमारास हा संपूर्ण उपसागर बर्फाखाली होता, १८७९ साली जॉन म्युर येथे आला तेव्हा बर्फ साठ-सत्तर किलोमीटर मागे सरकलेले होते आणि आज आपण ज्या पाण्यावर आहोत ते सारे त्या हिमनदीने रिकामे केलेले घर आहे, असे त्यांच्यापैकी एकीने ध्वनिक्षेपकावरून सांगितले.

हे कठड्याला धरून उभे होते. उजवा हात थरथरत होता, पण थंडीत सगळ्यांचेच हात थरथरतात, त्यामुळे तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. ह्यांनी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीने खोदलेल्या खोल दरीत समुद्राचे पाणी शिरले की फियॉर्ड तयार होतो, हे त्यांनी किती वर्गांना खडूने आकृती काढून सांगितले असेल, याची मोजदाद नाही.

“हा फियॉर्डच,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “नॉर्वेचे राहिले. पुढच्या वर्षी बघू या का?”

चार वर्षांपूर्वी ह्यांना पार्किन्सन्सचे निदान झाले. तेव्हापासून ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द आमच्या घरातून न सांगता निघून गेले होते. लग्नाची निमंत्रणे येत, हे तारीख पाहत आणि पत्रिका बाजूला ठेवत. म्हणून त्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. “बघू,” म्हटले आणि त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला.

आमची धाकटी लेक सिॲटलला असते. तिच्याकडे दोन महिने राहून, व्हँकुव्हरहून सात रात्रींची अलास्का-सफर करून परत तिच्याकडे जायचे, असा बेत होता. व्हँकुव्हर कॅनडात आणि अलास्का अमेरिकेत, त्यामुळे भारतीय पारपत्रावर दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. आणि जहाज शेवटी पुन्हा कॅनडातच उतरवत असल्यामुळे तेथला व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तपासून घ्यावे लागते. हे सारे लेकीने आधी पाहिले होते. आम्हाला फक्त जहाजात बसायचे होते. जूनोला उतरलो, ही अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगातून तेथे रस्त्याने जाता येत नाही, समुद्रातून किंवा हवेतूनच पोहोचावे लागते. स्कॅगवेला धक्क्यालगतच उभ्या असलेल्या व्हाइट पासच्या छोट्या रेल्वेत बसून डोंगर चढून आलो. ही रेल्वे सोन्याच्या शोधातल्या माणसांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधली गेली. खिडकीशी बसून सगळे दिसते, चालावे लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी हा प्रवास जरूर करावा.

जहाजाच्या पाचव्या मजल्यावर, जिन्याशेजारी एक टेबल होते. पाठीमागे जगाचा नकाशा, पुढे दोन खुर्च्या. पुढच्या क्रूझचे बुकिंग तेथे करून देत. बहुतेक मोठ्या जहाजांवर अशी व्यवस्था असते आणि तिच्यामागचा हिशेब उघड आहे: माणूस जहाजावर सुखात असतो तेव्हाच त्याला पुढचा प्रवास विकणे सर्वांत सोपे. मी पहिल्या दिवसापासून त्या टेबलाकडे दुर्लक्ष करीत होते. ग्लेशियर बेच्या दुपारी मात्र हे स्वतःहून तेथे गेले आणि नकाशासमोर उभे राहिले. मी शेजारी जाऊन बसले. टेबलामागची तरुणी दक्षिण आफ्रिकेची होती, बोलायला गोड आणि कामात हुशार.

तिने सांगितलेले थोडक्यात असे. जहाजावरच बुकिंग केले तर अनामत रक्कम कमी भरावी लागते आणि पुढच्या सफरीत जहाजावरच खर्च करण्यासाठी शंभर डॉलर खात्यावर जमा मिळतात. जहाज आणि तारीख निश्चित करून बुकिंग करता येते. किंवा नुसती अनामत ठेवून प्रवास नंतर ठरवता येतो, पण तो ठरावीक मुदतीच्या आत. प्रवासभाडे मात्र फारसे स्वस्त होत नाही. हे मी तिला दोनदा विचारून घेतले, कारण ‘जहाजावरची खास सवलत’ ह्या शब्दांनी माणसाचा समज निराळा होतो. अनामतही दोन प्रकारची होती: रद्द केल्यास बुडणारी आणि रद्द केल्यास परत मिळणारी. पहिल्या प्रकारात भाडे थोडे कमी. आमच्या बाबतीत दोघांचे मिळून तो फरक १८० डॉलरचा होता.

“आणि आपण कोणत्या देशाचे रहिवासी?” तिने विचारले.

मी “भारत” म्हटले. तिने संगणकावर नोंद केली आणि पडद्यावरचे आकडे बदलले. जी जाहिरात आम्ही लिफ्टमध्ये रोज वाचत होतो, ती फक्त अमेरिका आणि कॅनडातील रहिवाशांसाठी होती. ज्येष्ठांची सवलतही त्यांचीच. आपल्याकडील प्रवाशाला भाडे, सवलती आणि रद्द करण्याच्या अटी त्याच्या राहत्या देशाप्रमाणे लागू होतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी लेकीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती पटकन म्हणाली, “मग आई, माझा पत्ता घाल ना. दोनशे डॉलर वाचतील.” दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणीला सरळ विचारले. तिने मान हलवली. रहिवासाचा पुरावा मागितला जाऊ शकतो, आणि नंतर तफावत सापडली तर भाड्याचा फरक भरावा लागतो, असे तिने सांगितले. मला स्वतःला भीती वेगळीच वाटली. आमचा प्रवासविमा भारतातला, पारपत्र भारतीय, आजाराची कागदपत्रे पुण्याच्या डॉक्टरांची. एखाद्या वाईट प्रसंगी या कागदांवरचे पत्ते जुळले नाहीत तर त्या घोळात ह्यांचे काय होईल? दोनशे डॉलरसाठी तो धोका घ्यायचा नाही, हे तेथेच ठरले.

मग व्हिसाचे गणित आले, आणि येथे मला माझा संसाराचा जमाखर्च लिहिण्याचा सराव उपयोगी पडला. तिने दोन सफरी दाखवल्या. दोन्ही पुढच्या जूनमधल्या, दोन्ही सात रात्रींच्या, दोन्ही नॉर्वेच्या. एक इंग्लंडमधील साउथॅम्प्टनहून निघणारी, दुसरी डेन्मार्कमधील कोपनहेगनहून. मुंबईहून लंडनला सरळ विमान जाते, म्हणून पहिली मला सोयीची वाटली. पण संपूर्ण रक्कम भरण्याची मुदत प्रवासाच्या नव्वद दिवस आधीची होती. ब्रिटनच्या साध्या प्रवासी व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे व्हिसा हातात नसताना सगळे पैसे भरायचे, आणि शिवाय नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढायचा. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. कोपनहेगनहून निघालो तर डेन्मार्क आणि नॉर्वे दोन्ही शेंगेनमध्येच. एक व्हिसा, आणि तो पैसे भरण्याच्या मुदतीआधी मिळण्याची शक्यता. वाटेत एकदा विमान बदलावे लागेल, पण विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते. अमेरिकन किंवा युरोपीय प्रवाशाला हे गणित करावेच लागत नाही, त्यामुळे टेबलामागच्या माणसाला ते सुचत नाही. ते आपणच करायचे. ज्यांच्याकडे ब्रिटनचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आधीच आहे, त्यांची गोष्ट अर्थातच निराळी.

सहाव्या दिवशी केचिकनला धो धो पाऊस होता. तेथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखे वाटावे. बाहेर जाणे शक्य नव्हते, म्हणून मी त्या तरुणीला एक विनंती केली. नॉर्वेला जाणारे जहाज ह्याच जहाजाच्या जोडीचे, त्याच आराखड्याचे होते. चाकांच्या खुर्चीसाठी खास बांधलेली एखादी केबिन, प्रवासी किनाऱ्यावर गेलेले असताना, आम्हाला पाहायला मिळेल का? तिने स्वागतकक्षाशी बोलून रिकामी असलेली एक केबिन उघडून दिली.

पार्किन्सन्सच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना हे माहीत असेल: चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि ते बहुधा दारात, अरुंद जागेत किंवा उंबरठ्याशी होते. आमच्या साध्या केबिनमधील न्हाणीघराला उंबरठा होता. पहिल्याच रात्री हे त्या उंबरठ्यासमोर अडकले. एक पाय उचलला गेला, दुसरा नाही. मी मागून धरले म्हणून पडणे टळले. दुसऱ्या दिवशी मी उंबरठ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची एक रेघ लावली. समोर रेघ दिसली की ती ओलांडायची म्हणून पाय उचलला जातो, हे आमच्या फिजिओथेरपिस्टने शिकवले होते. त्या रेघेने सहा रात्री आम्हाला सांभाळले. (उतरताना मी ती काढून घेतली. सफाई करणाऱ्या मुलाने इतक्या दिवसांत ती एकदाही हलवली नव्हती, हे मला उल्लेखनीय वाटते.)

आता मी पर्समधली शिवणाची टेप काढली. आमच्या केबिनचा उंबरठा बारा सेंटिमीटर. येथे उंबरठाच नाही, फरशी सपाट. दाराची रुंदी आमच्याकडे ५५, येथे ८५. अंघोळीच्या जागी भिंतीला घडीची बैठक, दोन बाजूंना आडवे दांडे. पलंगाची उंची ह्यांना बसवून पाहिली: पाय जमिनीला टेकले. लिफ्टपर्यंत अठ्ठावीस पावले. हे सारे मी एका कागदावर लिहून घेत होते आणि हे पलंगावर बसून हसत होते. “अगं, मुलगी पाहायला आलीस का?” म्हणाले. फार दिवसांनी ते असे हसले.

माझ्या मते जहाजावर बुकिंग करण्याचा खरा फायदा हाच आहे, शंभर डॉलर नव्हे. छापील पत्रकात सर्व केबिना प्रशस्तच असतात. आपल्या माणसाचा गुडघा, पाठ, मूत्राशय आणि रात्रीची चाल ध्यानात घेऊन खोली पाहायची असेल, तर ती जहाजावर असतानाच पाहता येते. शिवाय अशा खास केबिना प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. कोणत्या बंदरात जहाज धक्क्याला लागते आणि कोठे नांगर टाकून छोट्या नौकेतून किनाऱ्यावर न्यावे लागते, हेही तेथेच विचारून घ्यावे. हलणाऱ्या नौकेत पाऊल टाकणे आमच्यासारख्यांना जमत नाही. आमच्या सफरीत बर्गेन, ओलेसुंद आणि फ्लोम येथे धक्का होता. फ्लोमहून डोंगर चढणारी रेल्वे बंदराजवळच सुटते, वीस किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटरहून अधिक चढते. गेइरांगरला नौकेची शक्यता होती. “आपण उतरायचेच नाही,” हे म्हणाले. “फियॉर्ड पाण्यावरूनच पाहायचा असतो.”

इतके सगळे जुळत असूनही त्या रात्री मला झोप आली नाही. लेक फोनवर म्हणाली होती, “आई, आत्ताच कशाला? घरी जा, डॉक्टरांना दाखव, मग बघू. पुढच्या जूनपर्यंत बाबा कसे असतील, कुणी सांगावे?” तिचे चुकत नव्हते. आजार पुढे सरकणारा आहे. तो कोणाच्या बाबतीत किती वेगाने सरकेल हे डॉक्टरही नेमके सांगत नाहीत. माझी भीती पैशांची नव्हती. आता ‘हो’ म्हटले आणि मार्चमध्ये रद्द करावे लागले, तर ह्यांना ते कसे वाटेल, ही होती. न ठरवलेली गोष्ट मोडत नाही. गेली चार वर्षे मी अशीच घर चालवत आले होते, हे त्या अंधारात माझ्या लक्षात आले. ह्यांना निराशा वाटू नये म्हणून मी त्यांच्यासमोर काही ठेवतच नव्हते.

“जागी आहेस?” हे म्हणाले. मग स्वतःच बोलले. “नाही जमले तर नाही जाणार. मला समजते ते. पण विचारायचेच नाही, हे नको.”

सातव्या दिवशी समुद्रात प्रवास होता आणि टेबलासमोर रांग. ‘ही सवलत आज रात्री आठपर्यंत’ अशी पाटी लागली होती. अशा पाटीला भिऊन सही करू नये. सवलत गेली तर जाऊ द्यावी. घरी येऊन एजंटामार्फत तीच सफर घेता येते. आम्ही सही केली ती आदल्या दिवशीची टेप आणि आदल्या रात्रीचे बोलणे झाले होते म्हणून. परत मिळणारी अनामत घेतली, १८० डॉलर जास्तीचे मान्य करून. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांनी तो फरक विम्याचा हप्ता समजावा. रद्द करण्याच्या तारखा मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मागितल्या: कोणत्या दिवसापर्यंत सगळे परत, त्यानंतर किती कापले जाईल, केव्हापासून काहीच मिळणार नाही. बुकिंग पुण्यातील आमच्या एजंटाकडे सोपवण्याची नोंदही तेथेच करून घेतली. हे ठरावीक मुदतीत केले नाही, तर पुढे प्रत्येक लहान बदलासाठी परदेशातल्या कार्यालयाला अवेळी फोन करीत बसावे लागते. कार्डावर डॉलरमध्ये पैसे गेले, त्यावर बँकेने स्वतःचा आकार घेतला, तो वेगळा. आणि नाव पारपत्राप्रमाणे अक्षर न् अक्षर तपासले. आमच्या पिढीतल्या अनेकींच्या पारपत्रावर स्वतःच्या नावाला पतीचे नाव जोडलेले असते, किंवा आडनावाचा रकाना रिकामाच असतो. जहाजाच्या संगणकाला ते कळत नाही आणि विमानतळावर घोटाळा होतो.

घरी आल्यावर न्यूरॉलॉजिस्टांना दाखवले. त्यांनी बंदी केली नाही. गोळ्यांच्या वेळा प्रवासात कशा सरकवायच्या, ते एका कागदावर लिहून दिले. लागतील त्याच्या दुप्पट गोळ्या घ्या आणि त्या हातातल्या पिशवीतच ठेवा, असे सांगितले. जहाजावर मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला कित्येकदा संध्याकाळ होते. जहाज लागण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, असेही बजावले. त्यांतल्या काहींनी वयस्कांना ग्लानी येते, गोंधळल्यासारखे होते, लघवी अडते, आणि एक-दोन औषधे तर पार्किन्सन्समध्ये चालतच नाहीत. विमा कंपनीला आजार न लपवता कळवला आहे. पूर्वीपासूनच्या आजाराला बहुतेक पॉलिसींत जिवावरच्या प्रसंगापुरतेच आणि मर्यादित संरक्षण असते, ते आमच्याही पॉलिसीत तसेच आहे. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात. पण ते रुग्णालय नव्हे, आणि त्याचे बिल डॉलरमध्ये येते.

सगळे परत मिळण्याची शेवटची तारीख ६ मार्च आहे. त्याच्या आठ दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, आम्ही दोघे बसून ठरवणार आहोत. त्या दिवशी न्हाणीघरापर्यंत रात्री एकट्याने जाता येते का, चार पायऱ्या चढता येतात का, एवढे दोनच प्रश्न विचारायचे असे आमच्यात ठरले आहे. दोघांपैकी एकानेही ‘नको’ म्हटले तर दुसऱ्याने वाद घालायचा नाही.

डायरीत ती तारीख ह्यांनीच लिहिली. ह्या आजारात अक्षर बारीक होत जाते. मला ती ओळ वाचायला चष्मा लागतो. परवा पाहिले तर तिच्याखाली आणखी एक ओळ होती: रंगीत चिकटपट्टी, दोन रिळे.